पिपरीच्या खांबाला कान लावून

परवाच्या रविवारी आम्ही मायला घेऊन पिपरी मेघेला जाऊन आलो. मायचे वय आता ऐंशीच्या पुढे गेले आहे. गुडघे साथ देत नाहीत. पण "एकडाव गाव पाहून येतो" हा तिचा हेका काही सुटत नव्हता. शेवटी नागपूरहून सकाळची गाडी धरली आणि मायला खिडकीजवळ बसवले. बुटीबोरी गेली, सिंदी स्टेशन गेले. माय बराच वेळ बाहेर पाहत होती. मधेच तिने विचारले, "काऊन रे, त्या बोलाच्या तारा कुठं गेल्या?"

आम्ही रुळावरच्या तारांकडे बोट दाखवले. माय म्हणाली, "ह्या इजेच्या. मी बोलाच्या तारा म्हन्तो."

मग आमच्या लक्षात आले. माय टेलिफोनच्या तारांबद्दल विचारत होती. पूर्वी रुळांच्या कडेने खांबांची रांग असे. त्यावर चिनीमातीच्या पांढऱ्या वाट्या आणि त्यांतून जाणाऱ्या तारा. गाडी पळू लागली की त्या तारा खिडकीतून खाली येत, खांब आला की झटक्यात वर जात. तारांवर कोतवाल पक्षी शेपटी हलवत बसलेला असे. त्या तारा आता नाहीत. आधी त्या जमिनीखालच्या केबलमध्ये गेल्या आणि मग केसाएवढ्या काचेच्या तंतूत. आता आपला आवाज उजेड होऊन त्या काचेतून जातो. त्याला ना कुणी पाहते, ना कुणी ऐकते.

वर्धा येईपर्यंत आम्ही मायलेकरे त्या आवाजांबद्दलच बोलत होतो. वाचकहो, आजच्या मुलांना टेलिफोनचा आवाज म्हणजे फक्त माणसाचे बोलणे. आमच्या पिढीला मात्र माणूस बोलण्याआधीच कितीतरी आवाज ऐकू येत. भुंग्यासारखा डायल टोन, डायल मागे फिरतानाची करकर, दूरची खरखर, मधेच घुसलेले तिसऱ्याचे बोलणे. आणि आमच्यासारख्या घरांतल्या माणसांना तर त्याच्याही आधी एक आवाज ठाऊक होता. तो खांबाचा.

खांबाचे गाणे

बजाज चौकातून ऑटो केला, आर्वी नाका ओलांडला आणि आर्वी रस्त्याला लागलो. पिपरी, सावंगी, बोरगाव, सिंदी ही वर्ध्याला लागून असलेली गावे. चारहीच्या नावापुढे 'मेघे' लागते. आमच्या लहानपणी शहर संपले की मधे शेते लागत, मग पिपरी येई. आता मधे काही उरले नाही. २०११ च्या जनगणनेत पिपरीची नोंद 'जनगणना नगर' अशी आहे. आर्वी रस्त्यावर २०१७ मध्ये बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाले. जिथे आमचे बाबा पहाटे जिनिंगच्या कामावर जाताना अंधारात चाचपडत, तिथे आज सदनिका, दवाखाने आणि मोबाईलची दुकाने आहेत.

या रस्त्याच्या कडेला टेलिफोनचे लोखंडी नळीचे खांब होते. शाळेतून येताना आम्ही भावंडे त्यांना कान लावत असू. आत गुंऽऽ असा आवाज येई. वारा असला की मोठा, पडला की बारीक. आम्हांला वाटे, ही माणसेच बोलत आहेत. मोठा भाऊ तर शपथेवर सांगे की त्याला "हॅलो" ऐकू आले. आमच्या वस्तीत फोन नव्हता. पण फोन म्हणजे काय हे आम्हांला त्या खांबाने सांगितले. कुणीतरी कुणाशी दुरून बोलते आहे, आणि आपण बाहेर उभे राहून ऐकतो आहोत!

त्यात बोलणे नव्हते, हे पुढे कळले. वारा ताणलेल्या तारेवरून जाताना तिच्या मागे हवेचे बारीक भोवरे सुटतात, त्यांनी तार थरथरते आणि ती थरथर खांबात उतरते. पोकळ खांब तबल्यासारखा घुमतो. तारेतले बोलणे वेगळे, ते विजेच्या रूपात जाते आणि खांबाला कान लावून ऐकू येत नाही. हे कळले तेव्हा भाऊ हिरमुसला होता.

ऑटो थांबवून आम्ही एक तरी खांब सापडतो का म्हणून पाहिले. एकही मिळाला नाही.

उंबऱ्याबाहेरचा फोन

त्या काळी सबंध देशातच फोन दुर्मीळ. कलकत्ता, मुंबई आणि मद्रासला टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२ मध्ये. कलकत्त्याच्या मध्यवर्ती एक्स्चेंजला तेव्हा ९३ ग्राहक होते. म्हणजे फोन आपल्या देशात शंभर वर्षांपासून होता, पण तो कचेरीत, पेढीवर आणि मोठ्या घरांत. नंबर लागण्यासाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. परगावी बोलायचे तर १८० फिरवून ट्रंक कॉल नोंदवायचा आणि फोनजवळ बसून राहायचे. साधा, अर्जंट आणि लाईटनिंग असे कॉलचे तीन प्रकार. पैसे जास्त, तर वाट कमी.

नावांचा घोळ तर विचारूच नका. "पिपरी" म्हटले की पलीकडच्या ऑपरेटरला पुण्याजवळची पिंपरी वाटे. खरखरीत तो अनुस्वार कुठून येई कोण जाणे! "पिंपरी नाही हो, पिपरी, वर्ध्याची," असे घसा फुटेपर्यंत ओरडावे लागे. आमच्याच जिल्ह्यात सेगावची टपाल शेगावला जाई, म्हणून त्या गावाचे नाव बदलून सेवाग्राम झाले. गमत अशी की त्याच सेवाग्रामच्या आश्रमात टेलिफोन फार लवकर आला. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून तो बसवला गेला आणि आजही तो तिथे पाहायला मिळतो. सेवाग्राम वर्ध्याहून सात-आठ किलोमीटर. व्हाइसरॉयचा आवाज यायला तार तिथवर पोचली; आमच्या वस्तीत तिला यायला आणखी पन्नास वर्षे लागली.

आमच्या लग्नपत्रिकांवर तेव्हा फोन नंबरापुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरे असत. नंबर शेजारच्याचा, बोलावून द्यावे, असा त्याचा अर्थ. आम्हांला असे बोलावून देणारे एक मोठे घर गावात होते. त्यांचे नाव इथे घेण्याचे कारण नाही. फोन दिवाणखान्यात होता. आम्ही दिवाणखान्यात जात नसू. खिडकीतून रिसीव्हर बाहेर काढून देत, वायर ताणली जाई आणि आम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलत असू. बोलून झाले की तो आत घेत आणि फडक्याने पुसून ठेवत. समोरच पुसत. मायने ते पाहिले की ती पदर नीट करून काही न बोलता पायऱ्या उतरे.

१९८६ च्या पावसाळ्यात नागपूरला आमची आजी, म्हणजे मायची आई, आजारी पडली. मावशीने तारघरात दोन तास बसून ट्रंक कॉल लावला. कॉल लागला तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. निरोप होता, "लगेच या." तो आम्हांला मिळाला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, बाबा कामावर जाताना त्या घरावरून गेले तेव्हा. "एवढ्या रात्री तुमच्या वस्तीत कोण येणार होते?" असे त्यांना सांगण्यात आले. ते घर आमच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर होते. त्या रात्री फोनची घंटी वाजलेली मायने ऐकलीसुद्धा होती. ट्रंकची घंटी लांब वाजे, ती ओळखू येई. माय भाकरी थापत होती. बाबांना म्हणाली, "कोनाचा तरी बाहेरगावचा फोन हाये."

माय नागपूरला पोचली तेव्हा आजी गेली होती.

याबद्दल मायने कधी कुणाला शब्दाने दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून घंटी वाजली की ती हातातले काम टाकून उभी राही. घंटी कुणाचीही असो.

पिवळी पाटी

मग काळ पालटला. परगावी नंबर आपल्या हाताने फिरवता येणारी एस. टी. डी. सेवा भारतात पहिल्यांदा १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये सुरू झाली होती. ती आमच्यासारख्यांपर्यंत यायला तीस वर्षे लागली. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. तिच्यामागे सॅम पित्रोदा होते. परदेशी यंत्रांना थंड खोली लागे, धूळ चालत नसे. सी-डॉटच्या लोकांनी खेड्यांसाठी लहान इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज तयार केले, जे वातानुकूलनाशिवाय चाले. १९८६ मध्ये ते पहिल्यांदा कर्नाटकातल्या कित्तूरला बसवले. वर्ध्याच्या मे महिन्यात ज्याने दिवस काढला असेल, त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

त्याच्यापाठोपाठ आल्या पिवळ्या पाट्या. एस. टी. डी., आय. एस. डी., पी. सी. ओ. असे काळ्या-लाल अक्षरांत लिहिलेले टेलिफोन बूथ. हे बूथ देताना अपंग, माजी सैनिक, सुशिक्षित बेरोजगार आणि अनुसूचित जाती-जमातीच्या तरुणांना प्राधान्य असे. आमच्या वस्तीच्या तोंडाशी १९९२ मध्ये असाच एक बूथ उघडला. चालवणारा आमच्याच वस्तीतला, लहानपणी पोलिओने एक पाय अधू झालेला मुलगा. दहावी पास. त्याचा बाप बिगारी होता. चार बाय चारची काचेची खोली, आत एक स्टूल, एक फोन, वर एक पंखा आणि भिंतीवर लाल आकडे पळवणारे यंत्र.

त्या खोलीतले आवाज आजही आम्ही डोळे मिटून ओळखू. रिसीव्हर उचलला की भुंगा. माय डायल टोनला भुंगाच म्हणे. मग शून्य, सात, एक, दोन. वर्ध्याचा कोड ०७१५२ आणि नागपूरचा ०७१२, हे आमच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ. नंबर फिरवला की क्षणभर काहीच नाही, मग दूर कुठेतरी टक-टक, मग खरखर, आणि मग एक तर तो जोडठोका, ट्रूंऽ-ट्रूंऽ, नाही तर एंगेजचा हुंदका. कधी कधी एक बाई हिंदीत आणि इंग्रजीत सांगे की या मार्गावरच्या सगळ्या लाईनी व्यस्त आहेत. माय तिच्याशी बोलायची. "बरं बाई, थांबतो," म्हणायची!

बोलणे सुरू झाले की यंत्रातले आकडे पळू लागत. जितके गाव दूर, तितके ते लवकर पळत. नागपूरला सावकाश, मुंबईला भराभर. म्हणून आम्ही दिवसा कमी आणि रात्री उशिरा, पाव दर लागल्यावर जास्त बोलत असू. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वस्तीतली माणसे दीक्षाभूमीवर गेली की तिथल्या बूथवर रांगेत उभी राहून एवढेच सांगत, "पोचलो, सगळे बरे, ठेवतो." तीन शब्दांत गाडीभर माणसांची खुशाली. बोलणे संपले की यंत्र किर्र-किर्र करत कागदाची पट्टी छापी. ती मुले जमवत.

आणि एक गोष्ट. त्या बूथचा रिसीव्हर कुणी पुसत नसे. त्याच स्टुलावर वस्तीतली बाई बसे, तिच्यानंतर आर्वी रस्त्यावरचा दुकानदार बसे, मग कुणी सावंगीच्या दवाखान्यात आलेला पाहुणा. तोच चोंगा सगळ्यांच्या कानाला आणि तोंडाला. ज्या मोठ्या घरी आम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहिलो, त्या घरचा फोन एकदा पावसात आठ दिवस बंद पडला. तेव्हा त्या घरची माणसे आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन रांगेत थांबली. माय त्या दिवशी रांगेत त्यांच्या पुढे होती. तिने नंबर लावला, स्टुलावर बसली आणि मावशीशी बोलली. आटोपून बाहेर येताना रिसीव्हर आपल्या पदराने पुसला आणि मागच्या बाईंच्या हातात दिला. "घ्या बाई, घामाचा झाला होता," एवढेच म्हणाली. तिच्या मनात टोमणा होता की माणुसकी, हे आम्ही आजवर विचारलेले नाही.

सात आठवडे

मोठा भाऊ १९९१ मध्ये महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला. बूथ उघडल्यावर त्याने ठरवून टाकले की महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला फोन करायचा. माय साडेआठलाच बूथवर जाऊन बसे. बूथवाला मुलगा तिच्यासाठी एक पाट ठेवी.

१९९९ चा उन्हाळा आला. कारगिलची लढाई सुरू झाली. भाऊ जम्मू-काश्मीरमध्ये होता. नेमका कुठे, हे पत्रात लिहीत नसत. जूनच्या पहिल्या रविवारी फोन आला नाही. मग माय दर रविवारी जाऊ लागली, मग रोज. बूथवाल्याने तिला कधी "आज काही येत नाही, घरी जा" म्हटले नाही. लोक आत बोलत असले की माय अस्वस्थ होई. लाईन एकच, आणि नेमका तेव्हाच फोन आला तर? म्हणून बूथवाला गिऱ्हाइकाला हळूच सांगे, "थोडक्यात आटपा भाऊ, मावशीचा पोरगा सीमेवर हाये." आणि माणसे आटपत. ओळखीची, बिनओळखीची, सगळी.

त्या सात आठवड्यांत आम्ही किती घंट्या ऐकल्या असतील! प्रत्येक घंटीला माय उभी राही, आणि प्रत्येक वेळी तो दुसऱ्याचा फोन निघे. तिकडे कुणाच्या तरी घरी तार जात असेल, या विचाराने पोटात गोळा येई. आपल्याकडे तार म्हणजे वाईट बातमी, असेच समीकरण होते.

जुलैच्या अखेरीस लढाई संपली. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नऊ वाजून काही मिनिटांनी घंटी वाजली. बूथवाल्याने उचलला, ऐकले आणि रिसीव्हर सरळ मायकडे दिला. तिकडून समुद्रासारखी खरखर येत होती. माय ओरडली, "हॅलोऽ!" आणि तिचाच "हॅलो" तिला परत ऐकू आला. ती गोंधळली. मग दुरून आवाज आला, "माय, जेवली का?"

माय म्हणाली, "जेवलो." सकाळचे नऊ वाजले होते, चूलसुद्धा पेटली नव्हती.

दीड-दोन मिनिटे ते बोलले असतील. त्यातली निम्मी खरखरच. माय आजही सांगते, "त्याचं बोलनं मले काई समजलं नाई. पन त्याचा सास आयकू आला." बूथवाल्याने त्या दिवशी सगळ्या रांगेला चहा पाजला.

मुका फोन

तो बूथ आज मोबाईल दुरुस्तीचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. चालवणारा तोच; केस पांढरे झाले, पोरगी नर्सिंगला आहे. मायला पाहताच काठी टेकत उठला. "जयभीम मावशी! बसा, बसा." आणि त्याने तोच जुना पाट काढला! आम्हांला भरून आले.

थोड्या वेळाने वस्तीतले लाइनमन काका आले. टेलिफोनच्या नोकरीत हयात गेली, आता निवृत्त. तारांचा विषय निघाला तसे काका खुलले. कुठल्याही यंत्राचे सांगताना त्यांना आधी त्याचा आवाज आठवतो. ते म्हणाले, "लोकांना डायल टोन म्हणजे नुसता आवाज वाटे. तो निरोप होता. एक्स्चेंज सांगत होतं, मी जागा आहे, बोल." आपल्याकडे तो सूर सेकंदाला ४०० थरथरींचा, आणि त्यात २५ थरथरींचा हेलकावा मिसळलेला, म्हणून तो शिट्टीसारखा न वाटता घुमल्यासारखा वाटे. घंटीचा सूर म्हणजे दोन जवळचे ठोके आणि मग दोन सेकंद गप्प. एंगेजचा पाऊण सेकंद आवाज आणि पाऊण सेकंद शांतता. काकांनी हे सगळे तोंडाने वाजवून दाखवले आणि दुकानातली पोरे हसू लागली.

डायलची करकर काय होती? आपण आकडा फिरवून बोट सोडले की डायल मागे फिरताना तारेतली वीज तितक्या वेळा तुटे आणि जोडली जाई. एकला एक ठोका, नऊला नऊ, शून्याला दहा. सेकंदाला साधारण दहा ठोके. जुन्या स्ट्रॉजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक ठोक्याला एक लोखंडी दांडा एकेक पायरी वर चढे, मग आडवा फिरे आणि पुढची जोडणी शोधे. काका प्रशिक्षणाला असताना अशा एक्स्चेंजमध्ये होते. ते म्हणाले, "सकाळी दहाला आत उभं राहा, जणू शंभर माग एकदम चालू." त्या पद्धतीचा शोध लावणारा आल्मन स्ट्रॉजर अमेरिकेत अंत्यसंस्काराचे काम करी. ऑपरेटर बाई आपले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता, म्हणून त्याने ऑपरेटरच काढून टाकणारे यंत्र बनवले, असे सांगतात. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळाले. मधला माणूस निरोप अडवतो, हे दुःख त्यालाही होते तर!

आणखी एक गोष्ट काकांनी सांगितली. फोनला घरची वीज लागत नसे. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून तारेवाटेच वीज येई. म्हणून भारनियमनात सगळी पिपरी अंधारात बुडाली, तरी बूथचा भुंगा चालू असे. आणि भावाच्या फोनवर मायला स्वतःचाच आवाज का परत ऐकू आला? काका म्हणाले, तो कॉल उपग्रहावरून आला असला पाहिजे. तसा आवाज ३६ हजार किलोमीटर वर जातो आणि तितकाच खाली येतो. एकीकडे जायलाच पाव सेकंद.

माय हे लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "म्हन्जे माया हॅलो आभायातून फिरून आला?"

"हो वहिनी," काका म्हणाले.

बूथवाल्याने मग काउंटरखालून जुना फोन काढला. रंग उडालेला, वायर गुंडाळलेली. त्याने सांगितले की २००३ पासून मोबाईलवर येणारे कॉल फुकट झाले आणि बूथची रांग आटत गेली. लोक मिस कॉल देऊ लागले. दोन घंट्या म्हणजे पोचलो, एक घंटी म्हणजे तू कर. पुढे पिवळी पाटी उतरली. २०१३ च्या जुलैत तारसेवाही बंद झाली. पण हा फोन त्याने भंगारात घातला नाही.

मायने रिसीव्हर उचलून कानाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग हळूच ठेवून दिला. "भुंगा मेला," म्हणाली.

परतताना आम्ही विचार करत होतो. जुने आवाज गेले म्हणून हळहळ वाटते, हे खरे. त्या आवाजांत सगळ्या वस्तीचे लक्ष गुंतलेले असे. एकाची घंटी वाजली की दहा घरे कान देत. आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे आणि एकाच घरातल्या चौघांना एकमेकांचा फोन कुणाचा आला हे ठाऊक नसते. पण वाचकहो, हळहळताना आपण एक विसरू नये. त्याच आवाजांच्या काळात आपण उंबऱ्याबाहेर उभे होतो आणि आपला निरोप रात्रभर दुसऱ्याच्या घरात पडून राहिला होता. बूथवरची ती रांग, तो पाट, तो न पुसलेला रिसीव्हर यांची आठवण आम्ही जपू. त्या खिडकीतून ताणलेल्या वायरीची मात्र आम्हांला ओढ नाही. आपल्या घरातही कुणी वडीलधारे असतील, तर त्यांना विचारा की पहिला फोन कुठे आणि कसा ऐकला. उभे राहून की बसून, हेही विचारा.

संध्याकाळची गाडी मिळाली. सेवाग्राम स्टेशन मागे पडले तोच मायच्या पिशवीत मोबाईल वाजला. नातवाने त्यावर मुद्दाम जुन्या फोनची घंटी लावून दिली आहे, ट्रिंग-ट्रिंग. माय दचकली आणि सवयीने, दुखऱ्या गुडघ्यांवर जोर देऊन उठायला लागली.

आम्ही तिचा हात धरला. "बस नं माय. तुह्याच पिशवीतला हाये."

भावाचा फोन होता. तो आता निवृत्त होऊन नागपुरातच राहतो. गाडी कुठवर आली, विचारत होता. माय टेकून बसली, फोन कानाला लावला आणि अर्धा डबा मागे वळून पाहील इतक्या मोठ्याने म्हणाली, "हॅलोऽ! जेवला का रे?"